बंगल्याच्या पायरीवर संपलेले रोट

आमच्या गावात चालायला निघालं की फेरीच होते. पारापासून निघायचं, मोठ्या तलावाच्या बांधावरून साहेबाच्या बंगल्यापाशी जायचं, तिथून धाकट्या तलावाच्या कडेकडेनं भाऊच्या कपाशीत शिरायचं आणि परत पारावर. बंगला काळ्या दगडाचा, इंग्रजांच्या काळचा. तलाव बांधणारा साहेब म्हणे तिथे उतरायचा. आता दाराला कुलूप, व्हरांड्यात कबुतरं आणि पुढे रुंद पायऱ्या, बसायला झकास. तिथून एक सरळ वाट चाळीसगावच्या सडकेवरच्या फाट्याला जाते, पण वहिनीला त्या वाटेचं वावडं. फेरी अर्धी टाकू नये, पाय रागावतात, असं ती म्हणते. पाय कसे रागावतात ते मी तिला कधी विचारलं नाही.

मी जळगावला शाळेत शिकवत होते, आता घरी बसलेली. शुगर निघाल्यापासून डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. श्रावणात कानबाईसाठी, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणासाठी, माहेरी येते तेव्हा वहिनीला सोबत ओढते. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. मी फ्रॉक घालत होते तेव्हा ती या घरात आली, माझी वेणी तिनंच घातली. आई गेल्यावर माहेर म्हणून जे काही उरलं ते तीच.

या वर्षी मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पायऱ्यांवर टेकलो होतो. तिनं इकडेतिकडे पाहिलं, माझा हात धरला आणि पदराखाली नेला.

"देख बरं ताई, आठे हाई काय शे?"

बोटांखाली गाठ होती. कडक, हरभऱ्यापेक्षा मोठी. कधीपासून आहे विचारलं, तर म्हणे आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आधीपासून. म्हणजे उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि ही बाई ती गाठ घेऊन भाकरी थापत होती. भाऊला सांगितलं का? नाही. पोरांना? नाही. वर मलाच दम, कोणाला बोलायचं नाही म्हणून.

"कानबाई व्हई जाऊ दे, मंग देखूत."

मला राग आला होता, पण तिचं म्हणणं मला कळतही होतं. कानबाई आमच्या भाऊबंदकीत एकाच घरी बसते, आणि ते घर वहिनीचं. तिच्या दुखण्याची बातमी फुटली असती तर आजारी बाईकडे नको म्हणून धाकट्या चुलत्यांकडे देवी हलली असती, आणि एकदा हललेली देवी परत येत नाही. एवढ्या वर्षांचा तिचा मान तो. मी तोंडाला कुलूप लावलं. चाळीसगावला दर गुरुवारी नाशिकच्या एक डॉक्टरीणबाई बसतात, त्यांच्याकडे मात्र गुपचूप फोन करून कानबाईनंतरच्या गुरुवारचा नंबर लावून टाकला.

कानबाई दणक्यात झाली. पुण्याहून भाचे, म्हणजे वहिनीची पोरं, आले, रात्रभर गाणी झाली, गंगाफळाची भाजी झाली, सोमवारी देवी डोक्यावर घेऊन वाजतगाजत मोठ्या तलावावर गेलो. वहिनी सगळ्यांच्या पुढे होती. फुगडी खेळताना तिनं डावा हात अंगाशी धरला होता, तो मलाच दिसला. मला मेलीला गाण्याचा एक शब्द आठवेना.

आता रोटांचं सांगायला हवं. घरातल्या बाप्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, बायांच्या नावानं नाही, आणि त्या पिठाच्या पोळ्या म्हणजे रोट. ते फक्त त्या कुळानं खायचे. परक्याला एक घास चालत नाही. लग्न झालेली लेक म्हणजे परकी, म्हणून ते रोट खायला बसले की मी ओट्यावर. उरलेले पुनवेच्या आत संपवायचे, आणि आमच्या घरात आणखी एक म्हणणं आहे की रोट शिल्लक असेपर्यंत घरच्या बाईनं शीव ओलांडायची नाही. हे कोणी ठरवलं देव जाणे. भाचे मंगळवारी पुण्याला गेले, भाऊनं त्याचा वाटा खाल्ला. उरले ते वहिनीच्या वाट्याचे.

मी तिला गुरुवारचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "रोट सरू दे, मंग जाऊत."

बुधवारी मी ओट्यावर बसून दाराच्या फटीतून पाहत होते. वयाला शोभत नव्हतं, पण पाहत होते. वहिनीनं देवघरातला डबा काढला, एका रोटाचा कोपरा मोडला, नखाएवढा, तोंडात टाकला आणि झाकण लावलं. मग मला समजलं. ही बाई रोट खात नव्हती, पुरवत होती. पुनवेपर्यंत असंच चालणार. मग पोळा येणार, मग गौरी, मग नवरात्र, मग कापसाची वेचणी. आमच्याकडे बाईच्या दुखण्यासाठी मोकळा दिवस पंचांगात नसतोच.

संध्याकाळी मी तिच्याशी भांडले. तिच्या हट्टावर, भाऊच्या आंधळेपणावर, देवीवर, तोंडात येईल ते बोलले. ती तांदूळ निवडत राहिली. शेवटी मान वर न करता म्हणाली, "मनी माय दवाखानामा गयी ती परत उनी नई. तुले काय सांगू." मग आत निघून गेली. तोवर मला वाटत होतं ती मानासाठी अडून बसलीय. तिच्या आईसारखंच होईल म्हणून ती घाबरली होती, आणि मी तिच्यावर ओरडले होते.

झोप आली नाही. पहाटे भाऊ शेतावर गेला, वहिनी न्हाणीत होती, तेव्हा मी देवघरात गेले आणि डबा उचलला. चाळिशी कधीच ओलांडलेली, विज्ञान शिकवलेली बाई मी, आणि डब्याला हात लावताना देवीला म्हटलं, बघ बाई, माझं काय करायचं ते कर. डबा कापडी पिशवीत घातला, वर शाल टाकली.

फेरीला निघालो तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. तलावात फेकला तर ती जन्मभर तोंड बघणार नाही. तिच्यापुढे धरून खा म्हटलं तर खाणार नाही. बांधावर वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं, आणि मला त्या शांततेचा संताप येत होता. मी भराभर चालत होते. वहिनी मागून म्हणत होती, हळू चाल, शर्यत लावलीय का. माझं लक्ष फोनकडे. चाळीसगावची गाडी फाट्यावर यायला वेळ होता, पण फार नव्हता.

बंगला आला. मी पायरीवर बसले, पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. वहिनी जागच्या जागी थांबली.

मी पहिला रोट उचलून तोंडात घातला. कडक झाला होता, वातड, कडेला थोडा आंबूस. चावता चावता डोळ्यात पाणी आलं. घशाखाली जाईना, तरी लोटला.

"काय करी राहिनी तू? तुले चालत नई ते."

"माहीत आहे."

"तुले दोष लागी, ताई."

"लागू दे. रोट संपल्याशिवाय तू शीव ओलांडणार नाहीस ना? मग संपवते मी. तू नखानं टोकरत बस, मी घासानं खाते." बोलताना तोंडातून तुकडे पडत होते. मी दुसरा मोडला. "वेणी घातलीस माझी तेव्हा मी परकी नव्हते. आता मला सोडून जायला बघतेस आणि मी ओट्यावर बसून राहू?"

ती तलावाकडे पाहत उभी राहिली. माझा घास घशात अडकला, ठसका लागला, पाणी आणलेलं नव्हतं. मग ती आली, माझ्या शेजारी बसली, पाठीवर हात फिरवला आणि माझ्या हातातला उरलेला रोट काढून घेतला.

"लागना ते दोन्हीस्ले लागू दे," ती म्हणाली, आणि खाऊ लागली.

आम्ही दोघींनी मिळून डबा संपवला. ती सावकाश चावून खात होती, रडत होती आणि खात होती. तळाचा चुरा तिनं तळहातावर घेतला, अर्धा मला दिला. रिकामा डबा पदरानं पुसला, झाकण लावून पिशवीत ठेवला. मला घड्याळ बघायचीही हिंमत होईना.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. पुढे धाकटा तलाव होता, त्याच्यापलीकडे कपाशी, मग घर. तिनं तिकडे एकदा पाहिलं, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि फाट्याच्या वाटेला लागली.

"चाल लवकर," मागे न वळता म्हणाली, "गाडी निंघी जाई."