एकाच बरणीतला हिरवा

मी शेतातून रंग बघून परत येत होतो, तेव्हा ती गेली. हे वाचून कोणी हसेल, तर हसू द्या. सकाळी ऊन कोवळं होतं, फाल्गुन सरत आला होता. गल्लीच्या तोंडाशी आलो तर आमच्या ओट्यावर चार बायका उभ्या. बायका कशा उभ्या आहेत त्यावरूनच माणसाला कळतं. मी तोंडातल्या तोंडात दोन शब्द घोकत येत होतो, विसरू नये म्हणून. घरात शिरल्या शिरल्या तिला सांगायचे होते. शेजारची बाई म्हणाली, "आबा, दमानं या." मी दमानंच गेलो. खाटेजवळ उभा राहिलो. शब्द तोंडातच होते... सांगायचे कोणाला?

मी चौथी शिकलेला माणूस आहे. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. आयुष्य केळीत गेलं. पेपर रोज वाचतो. गेलेल्या माणसांवर लोक या पुरवणीत लिहितात, तेही वाचतो, आणि पुष्कळदा वाटतं की हे जरा वाढवून लिहिलेलं आहे. मी वाढवणार नाही. लिहिणं चुकलं तर पेपरवाल्यांनी दुरुस्त करावं, पण मजकूर बदलू नये. गिरजा माझी बायको. तिच्याविषयी एक गोष्ट मला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

गिरजा मण्यांच्या माळा करायची. आमच्या घराण्यात हे कोणी केलेलं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी कापूस वेचायला डोंगरातून एक पावरा आदिवासी बाई यायची. तिच्या गळ्यात बारीक काचमण्यांच्या पदरावर पदर असलेल्या माळा. दुपारी बांधावर भाकरी खाताना गिरजा तिच्या गळ्याकडे बघत बसायची. एक दिवस सुई-दोरा घेऊनच शेतात आली. त्या बाईनं तिला दोन सुयांची वीण दाखवली, पदर जोडायचा कसा ते दाखवलं. मी म्हणालो, कापूस वेचायला आलात की मणी वेचायला? पावरा बाई हसली, गिरजा हसली नाही. तिचं लक्ष बोटांत होतं. पुढच्या हंगामापर्यंत तिची स्वतःची माळ तयार झाली, आणि ती त्या बाईच्या माळेसारखी मुळीच नव्हती.

कारण गिरजा नमुना बघून करत नसे. ती दिवस बघून करायची. पळस फुलला की पेटीतून एक तांबडा काढायची, तो पळसासारखाच असायचा. तुरीच्या फुलाचा पिवळा निराळा, अंबाडीच्या फुलाचा पिवळा निराळा. नांगरलेली काळी माती आणि पहिलं पाणी प्यालेली काळी माती, दोन्हींना वेगळे मणी. कापसाचा पांढरा तर तिच्याकडे दोन-तीन तऱ्हेचा. मी एकदा विचारलं, पांढऱ्यात पांढरं काय असतं गं? तर म्हणाली, "पहिली वेचणीना पांढरा दूधसारखा राहस. शेवटनी वेचणीले धूळ लागेल राहस." आठवडी बाजारात बाकीच्या बायका भाजीच्या पालाजवळ, तर ही मणीवाल्याच्या पालाजवळ. चिमूटभर मणी तळहातावर घेऊन उन्हात जायची, परत यायची, पुन्हा उन्हात जायची. मणीवाला कंटाळायचा, मीही कंटाळायचो.

एकदा जळगावला बायकांनी हातानं केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. पिशवी मी उचलून नेली, पण आत गेलो नाही. बायकोच्या मण्यांजवळ उभं राहणं मला कमीपणाचं वाटलं. दिवसभर बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. परतीच्या एसटीत ती सांगत होती, शहरातल्या एका बाईनं विचारलं, हा नमुना कुठला? "मी सांगं, हाऊ नमुना नही बाई, हाऊ गेला पावसाळा शे." मी म्हणालो, "हसनी असेल तुले." ती म्हणाली, "हसनी नही. दोन माळा लई गयी." आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. मी तिकिटाचे उरलेले सुटे पैसे मोजत बसलो. बोलायला पाहिजे होतं.

आमची सुमन साक्रीकडे दिली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. दर आखाजीला गिरजा सुमनला एक लांब माळ द्यायची. गळ्यात तीन वेढे बसतील एवढी. सुमन ती हातात घेऊन मणी मणी सरकवत बसायची, एखाद्या मण्यावर बोट ठेवायची आणि मायलेकी कुजबुजायच्या. "माय, आठे पाऊस पडना ना?" "पडना व. तीन दिवस झड लागेल व्हती." मला वाटायचं, बायकांचं काहीतरी आहे. विचारलं नाही. घरात चाललेलं विचारावं असं मला कधी वाटलंच नाही, मी कर्ता माणूस.

संक्रांतीनंतर ती आजारी पडली. जळगावला दवाखान्यात ठेवलं. सुमन येऊन तिच्यापाशी राहिली. मी बागेला पाणी देऊन एक दिवसाआड जायचो. घर रिकामं. मनात आलं, ती येईल तेव्हा तिला घर कसं लखलखीत दिसावं. तिची पत्र्याची पेटी उघडली. आत कसकसल्या डब्या... काजळाच्या, तंबाखूच्या, औषधाच्या गोळ्यांच्या. कशावर नाव नाही, गाव नाही. एका डबीत हिरवे, दुसऱ्या डबीत हिरवे, तिसऱ्या डबीतही हिरवेच. मी म्हटलं, हा काय पसारा. बाजारातून झाकणाच्या सहा बरण्या आणल्या. सगळे हिरवे एका बरणीत. सगळे तांबडे एका बरणीत. पिवळे, पांढरे, काळे, निळे, सगळे जागच्या जागी. शेजारची बाई ताक द्यायला आली होती, ती म्हणाली, "आबा, अक्काना मणी शेत, हात नका लावू." मी म्हणालो, "माले शिकाडू नको." कॅलेंडरच्या खिळ्याला एक लांब दोरा लोंबत होता, खाली सुई, गाठ नाही, रंगाला रंग जुळत नाही. वाटलं, उरलेसुरले मणी ओवून ठेवलेत. तोही सोडवला आणि ज्या त्या बरणीत टाकला. चार दिवस लागले. पाठ मोडून आली. पण बरण्या फळीवर लावल्या तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

सुमन दवाखान्यातूनच साक्रीला परत गेली आणि गिरजाला मी घरी आणलं. दवाखान्यानं काय ते सांगितलं होतंच. तिनं खाटेवर टेकल्या टेकल्या फळीकडे बघितलं. मग खिळ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

"खिळाले व्हती, ती कोठे शे?"

"ते गबाळ? तेबी लावं मी जागावर."

"बरं," ती म्हणाली. मग पांघरूण ओढत म्हणाली, "भलती मेहनत करी तुम्ही."

ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि विषय मिटला असता. ती ओरडली नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. काहीतरी मोडलं एवढं मला तेव्हाच कळलं होतं. काय मोडलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी त्याला भित्रेपणा म्हणत नव्हतो तेव्हा, मान राखणं म्हणत होतो.

दोन दिवसांनी तिनं सुई-दोरा मागितला. उठणं होत नव्हतं, दारापर्यंतही नाही. मला म्हणाली, "रोज सकाळी बाग मझार जाईसन या, अन् माले सांगा, आज काय रंग शे. रोजना एक मणी. आखाजी ते आखाजी... सुमननी माळ तशीच व्हस."

तेव्हा कळलं. रोजचा एक. गेल्या आखाजीपासून संक्रांतीपर्यंतचे सगळे दिवस मी सहा बरण्यांत ओतून टाकले होते. मी खाली मान घालून उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "चहा टाकू का?"

दुसऱ्या दिवसापासून मी जायचो. परत आलो की ती विचारायची.

"काय शे आज?"

"हिरवा."

"कोणता हिरवा?"

"कोणता म्हंजे? हिरवा तो हिरवा."

"सुमनना बाप, बठ्ठा जनम केळीमा गया तुम्हना, अन् तुमले एकच हिरवा दिखस?"

"मी केळी इकस, रंग नही इकस."

ती हसायची, हसताना खोकला यायचा. मग बरणीत बोट घालून एक साधा पोपटी हिरवा काढायची. "ठीक शे. आज तुम्हना हिरवा." रोज तोच. माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते तिनं तसंच ओवलं, त्यात आपल्या पदरचं काही घातलं नाही. मी आणखी काही आणून देऊ शकलो नाही. रोज ठरवून जायचो की आज नीट बघायचं, आणि ठिबकची नळी कुठं फुटली, कुठला घड वाकला, तेच बघून यायचो.

शेवटच्या सकाळी तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "आज पान देखू नका. पान मझारना उजेड देखा." मी गेलो. नळीकडे बघितलं नाही. नव्या पानाचा पोंगा नुकता उलगडत होता, त्याच्या मागून ऊन येत होतं. त्याच्याखाली उभा राहिलो, मान दुखेपर्यंत. आणि मला तो दिसला. पोपटी नाही, पिवळाही नाही. सोललेल्या ओल्या हरभऱ्याच्या दाण्याचा असतो ना, तसा. आनंद झाला, लहान पोरासारखा. घाईनं निघालो. सोललेला हरभरा, सोललेला हरभरा, असं घोकत गल्लीपर्यंत आलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

दहाव्याला सुमननं ती पोपटी माळ बघितली. वीतभरही नाही. म्हणाली, "आबा, ये काय, एकच रंग? मायनं यंदा माले करी नही का?" मी म्हणालो, "आजारपण मझार कवय करी ती?" तिला ते पटलं. डोळे पुसून साक्रीला गेली. मी तिला जाऊ दिलं.

सुमन, तुझ्याकडे हा पेपर येतो हे मला ठाऊक आहे. तुझ्या मायनं यंदाही केली होती. आखाजीपासून संक्रांतीपर्यंत, रोज, एकही दिवस न चुकवता. ती मी सोडवली. ती बरण्यांत आहे, बठ्ठी, एकही मणी हरवलेला नाही. पण कोणता मणी कोणत्या दिवसाचा, हे सांगणारी गेली.

आता आखाजी जवळ आली आहे. सकाळी ओट्यावर ऊन आलं की मी पांढरी ताटली मांडीवर घेतो आणि हिरव्यांची बरणी ओततो. एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. तरी आता बघितलं की कळतं, हे अकरा-बारा निरनिराळे आहेत. हे मला आत्ता कळून उपयोग काय? हरभऱ्याच्या जवळ जाणारे तीन मणी मी बाजूला काढले आहेत. एक जरा फिका, एक जरा दाट, एक मधला. तिला विचारलं असतं तर तिनं न बघता बोट ठेवलं असतं. मी तिन्ही तळहातावर घेऊन उन्हात जातो, परत येतो, पुन्हा उन्हात जातो. सुई तिच्या उशीला खोचलेली आहे, तशीच. पोपटी मण्यांच्या शेवटी दोरा मोकळा आहे. त्या दिवसाचा मणी ओवायचा राहिला आहे, आणि तो सापडेपर्यंत मी गाठ मारणार नाही.