अर्ध्या गोळीचा प्रश्न

रविवारी सकाळी शेजारच्या सुनंदाताईंनी अडकित्त्याने एक गोळी अर्धी केली. गोळी त्यांच्या मुलीची, मृण्मयीची होती. दहावीत असताना तिने जेवण आणि बोलणं दोन्ही सोडलं होतं. बोललीच तर जगायचं नाही, एवढंच म्हणायची. तेव्हा नैराश्यावरचं हे औषध सुरू झालं आणि ती सावरली. आता ती नोकरी करते. डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी करायला सांगितलं आहे.

"आई, सुपारी नाहीये ती. एक तुकडा मोठा झालाय."

"मग मोठा आज घे, धाकटा उद्या."

मृण्मयी हसली. मग दारात वर्तमानपत्र परत द्यायला आलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आजोबा गेले तेव्हा मला रडूच आलं नाही. ते गोळीमुळे, की मी आहेच अशी?"

"लहानपणी चिमणी मेली तरी रडायचीस," सुनंदाताई म्हणाल्या.

"लहानपणी सगळेच रडतात गं."

स्वभाव घडायच्या वयातच औषध त्यात मिसळलं. आता कुठलं काय, हे वेगळं काढायचं कसं? गोळी न घेतलेली मृण्मयी कुठे राहत नाही, की जाऊन हिच्याशी ताडून पाहावं. कदाचित ती मुलगी दहावीच्या पुढे आलीच नसती. सुनंदाताईंना हे ठाऊक आहे, म्हणून त्या औषधाला दोष देत नाहीत आणि निर्धास्तही होत नाहीत.

मृण्मयीने हाच प्रश्न डॉक्टरांनाही विचारला होता. त्यांनी सांगितलं, नक्की माहीत नाही. पुढची तपासणी महिन्याभराने आहे.