बघूमास्तरांचा बेत

बघूमास्तरांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतं कोण? गिऱ्हाइकाने विचारावं, शर्ट कधी मिळेल, आणि मास्तरांनी कापडावरून हात फिरवत म्हणावं, बघू. कॉलर जरा छोटी करायची का? बघू. खिसा आतून की बाहेरून? बघू. हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला की लोकांनी तो उचलून त्यांच्याच हुद्द्यापुढे चिकटवला. या नावाचा राग मानायचा की नाही, हे मास्तरांनी अजून ठरवलेलं नाही.

माणूस आळशी नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सकाळी आठच्या ठोक्याला शटर वर, दुपारी डबा मशीनशेजारीच. तीस वर्षं असंच चाललं. दुकान दोघा भावांचं आणि कामाची वाटणी ठरलेली: दादांनी कापड बेतायचं, यांनी शिवायचं. दादा म्हणजे थोरले भाऊ. कापड मेजावर पसरलं, खडूच्या चार रेघा मारल्या, की त्यांची कात्री करकर चालायला लागायची. तोंडाने गिऱ्हाइकाशी गप्पा, हाताने कोट. मास्तर मशीनवरून नुसते बघत राहायचे.

आणि आपण काय, तर दादांनी आखून दिलेल्या रेघेवर सरळ टीपसुद्धा मारता येत नाही! हे मास्तरांचं जुनं दुखणं होतं. रेघ इकडे आणि टीप तिकडे. खांद्यापाशी आलं की सुई आपोआप अर्धं बोट आत सरकायची. मुंढ्याच्या भोकात बाही बसवताना कापड जरा ओढून, जरा दाबून घ्यावं लागायचं, नाहीतर बसायचीच नाही. तयार कोट दादा हातात घ्यायचे, शिवणीवरून बोट फिरवायचे आणि काही न बोलता खुंटीला लावायचे. किती मोठं मन, असं मास्तरांना वाटायचं. आपला सगळा गलथानपणा थोरल्या भावाने पोटात घातला.

सव्वा वर्षापूर्वी दादांच्या हाताला कंप सुटला. आधी कपातला चहा बशीत सांडायला लागला, मग कात्री रेघेवर थरथरू लागली. एका दुपारी त्यांनी कात्री मेजावर ठेवली, आता तूच बेत म्हणाले आणि घरी निघून गेले ते गेलेच.

आता गंमत बघा. बेत करणं आणि कापड बेतणं हे शब्द एकाच घरातले, पण मास्तरांकडे त्यांचं जमेना. बेत चिकार व्हायचे, बेतणं तेवढं राहून जायचं. नवं कापड आलं की मास्तर ते पसरायचे, आखायचे आणि जरा डोळ्यांखालून जाऊ दे म्हणून बाजूला ठेवायचे. दोन दिवसांत खडू पुसट व्हायचा. पुन्हा आखावं तर रेघ थोडी वेगळी यायची. मग आधीची बरोबर होती की ही? पहिली आठवेना, दुसरीवर विश्वास बसेना. शेवटी गिऱ्हाईकच कंटाळून कापड परत न्यायचं. दुकान चालत होतं ते पँटची उंची कमी कर, चेन बदल, उसवलेलं शिव यांवर. दाराशी उजेडात बसून काजं करणारी मावशी होती, ती जिभेने सुईइतकीच टोकदार. तिने एकदा ऐकवलं, "मास्तर, सव्वा वर्षात एक नवं काज केलेलं नाही मी. काज कसं असतं ते विसरायच्या आत काहीतरी कापा."

मास्तर काय म्हणाले असतील ते सांगायला नकोच.

घोडं खरं अडलं ते पुतणीच्या कोटापाशी. दादांच्या मुलीला लांब डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी लागली. तिथे बाराही महिने थंडी. वहिनींनी ट्रंकेतून लोकरीचं कापड काढलं. दुकान घातलं त्या वर्षी दादांनी स्वतःच्या कोटासाठी घेतलेलं, निळसर करडं, हाताला उबदार. लोकांचे कोट बेतता बेतता स्वतःचा राहून गेला होता. अडीच मीटरचा एकच तुकडा, आणि तो विणणारी गिरणी केव्हाच बंद पडलेली. चुकलं तर दुसरा तुकडा कुठून आणायचा? पुतणी कापड छातीशी धरून दुकानात आली आणि म्हणाली, "काका, कोट तुम्हीच शिवायचा. आणि बघू म्हणायचं नाही."

तिला जायला तेव्हा तीन आठवडे होते. मास्तरांनी मापं घेतली. चार दिवसांनी वाटलं, तिने स्वेटर घातला होता की काय, म्हणून पुन्हा घेतली. छाती अर्ध्या इंचाने कमी भरली. मग कुठलं माप धरायचं ते कळेना म्हणून तिसऱ्यांदा बोलावलं, तर ते दोन्हींशी जुळेना. पोरगी तीच, टेप तोच, आणि आकडे तीन. मास्तरांनी तिन्ही एका कागदावर लिहिले आणि कागदाकडे असे बघत बसले, जणू त्यातला एखादा आपणहून हात वर करील. कापड चार वेळा आखलं, चार वेळा झटकलं. रोज सकाळी वाटायचं आज कापायचं, आणि रोज दुपारी वाटायचं, एवढ्या घाईत कशाला? आपण काळजी घेतोय की टाळतोय, हेच त्यांना समजेना. दोन्ही आतून सारखंच लागतं, ही त्यातली खरी पंचाईत.

मंगळवार उजाडला. गुरुवारी दुपारच्या बसने तिला निघायचं होतं, आणि कोटाला पुरे दोन दिवस लागतात. मास्तर कात्री घेऊन मेजापाशी उभे होते. तेवढ्यात पुतणीचा फोन आला. बाजारात एक तयार कोट बघून ठेवलाय, बाह्या जरा लांब आहेत पण चालेल, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, असं ती म्हणाली. ती मनापासूनच म्हणाली होती. मास्तर बरं म्हणाले. सुटलो, असं त्यांना वाटलं आणि त्याच श्वासात रडू आलं. यातलं खरं कुठलं, हे विचारायला जवळ कोणी नव्हतं. मावशी होती, पण तिने मान वर केली नाही. मास्तरांनी कापडाची घडी घातली आणि ते परत करायला दादांच्या घरी निघाले.

दादा खिडकीशी खुर्चीत बसले होते, हात मांड्यांखाली दाबून. कंप दिसू नये म्हणून ते असेच बसायचे. मास्तरांनी कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"माझ्याच्याने नाही होणार, दादा. तुमच्या रेघेवर टीप मारायला जमलं नाही मला तीस वर्षांत. मी रेघ काय मारणार?"

 थट्टा करतोस का, असं दादांनी विचारलं. मास्तर म्हणाले, थट्टा कसली?

"अरे, रेघच चुकलेली असायची," दादा म्हणाले. "खांदा मी कायम बाहेर काढायचो, तू तो आत घ्यायचास. मुंढा खोल जायचा, तू तो भरून काढायचास. मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू माझी लाज राखतोयस. म्हणून तर शिवणीवरून बोट फिरवायचो. आज कुठे कुठे सावरलंय, ते बघायला."

मास्तरांना वाक्य समजलं, पण डोक्यात बसायला वेळ लागला. तीस वर्षं एक जण समजत होता की धाकटा उपकार करतोय, आणि धाकटा समजत होता की थोरला माफ करतोय. दोघंही आपापल्या जागी कृतज्ञ आणि दोघांची तोंडं बंद. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण राग त्याच्या आधी येऊन बसला होता. तीस वर्षं! रोज संध्याकाळी मशीनवर झाकण घालताना आपण स्वतःला नालायक म्हणत घरी गेलो, ते कशासाठी? आणि मग तोही राग कुणावर काढायचा ते कळेना, कारण विचारलं तर स्वतः मास्तरांनीही नव्हतं कधी.

"मग एवढी बेधडक कात्री कशी चालवायचात तुम्ही?"

"मागे तू होतास ना."

"आता माझ्यामागे कोण आहे?"

दादांनी मांडीवरचं कापड चाचपलं.  "मागेही तूच," ते म्हणाले. "दुसरं कोण असणार?" मग ते उठले आणि चपला शोधू लागले. मी काही करणार नाही, नुसता येऊन बसतो, म्हणाले.

दोघं दुकानात आले तेव्हा मावशीने सुई कापडात खोचून ठेवली आणि वाटेवरचं स्टूल बाजूला ओढलं. मास्तरांनी कापड पसरलं, उभं सूत सरळ धरलं. तीन आकड्यांचा कागद खिशातून काढला आणि मधला आकडा धरला. मधलाच का, ते विचारू नका, त्यांनाही सांगता आलं नसतं. खडू फिरवला आणि कात्री घातली. धीर बिर काही आला नव्हता. राग अजून उतरला नव्हता, आणि तो हातात होता तोवर उरकून टाकावं, एवढंच त्यांना सुचलं.

पाठ निघाली. डावा पुढा निघाला. उजव्या मुंढ्याचा बाक घेताना त्यांनी दादांकडे बघितलं, बरोबर चाललंय ना, या जुन्या खोडीने, आणि कात्री रेघ सोडून अर्धं बोट आत गेली. लोकरीला आवाज नसतो, पण तिघांनाही तो ऐकू आला.  दादांनी आपले हात पुन्हा मांड्यांखाली घातले. मावशी काही बोलली नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजावं.

मास्तरांनी तो तुकडा उचलून डोळ्यांपुढे धरला.  असा मुंढा त्यांनी आधी पाहिला होता. असाच, एवढाच खोल, याच जागी. असले मुंढे त्यांच्या मशीनवर वर्षानुवर्षं आले होते आणि कोट होऊन बाहेर पडले होते. आपल्या घराण्याची कात्रीच तशी, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. दादांना वाटलं, भावाचं डोकं फिरलं.

त्यांनी पुतणीला फोन लावला आणि तो तयार कोट घेऊ नकोस म्हणून सांगितलं. खरंच ना, असं तिने दोनदा विचारलं. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, आपण हे काय बोलून बसलो!

पुढचे दोन दिवस धड गेले असं कुणी समजू नये. कॉलर दोनदा उसवली, त्यातली दुसरी वेळ विनाकारण होती. अस्तर उलटसुलट करताना कुठली बाजू सुलट हे मास्तर विसरले आणि मावशीला विचारायला गेले. मावशीचं म्हणाल तर, सव्वा वर्षानंतरचं पहिलं काज तिचंही वाकडं आलं. तिने ते सगळ्यांची पाठ वळल्यावर उसवून पुन्हा केलं. दादा दोन्ही दिवस स्टुलावर बसून होते आणि त्यांनी एकदाही काही सांगितलं नाही. सांगावं की न सांगावं, या पेचात तेही असावेत.

गुरुवारी अकराच्या सुमाराला पुतणी आली. सामान बाहेर, स्टँडवर नेणाऱ्या गाडीत होतं. तिने कोट अंगात घातला, बटणं लावली आणि आरशापुढे उभी राहिली. कोणी काही बोलायच्या आत दादा उठले आणि तिच्या खांद्यापासून शिवणीवरून बोट फिरवू लागले. बोट थरथरत होतं. डाव्या मुंढ्यापाशी ते थांबलं. की थरथरल्यामुळे थांबल्यासारखं वाटलं? मग पुढे सरकलं, पाठीवरून उजवीकडे गेलं, तिथून सरळ खाली उतरलं. छान झालाय, दादा म्हणाले आणि हात खाली घेतला.

मास्तरांना ते मुळीच छान वाटलं नाही. तीस वर्षं हे असंच झालं होतं.

"दादा, चूक सापडली का?" त्यांनी विचारलं.

दादा घुटमळले. "डावा मुंढा," ते हळूच म्हणाले. "पण सावरलायस तू."

चूक उजव्या मुंढ्यात होती. हो म्हणून टाकावं, असं मास्तरांच्या मनात आलं. म्हाताऱ्या बोटांचा मान राहिला असता. जीभ तशी वळलीसुद्धा होती. पण एवढी वर्षं असल्याच शहाणपणाने गेली होती.

"उजवा, दादा. डाव्यात काही नव्हतं."

"मग डाव्यात हे काय आहे?"

मास्तरांनी डाव्या मुंढ्यावर बोट ठेवलं. तिथे काहीतरी लागत होतं खरं. की नव्हतं? त्यांनी उजवा चाचपला, आणि स्वतःच्या हाताने सावरलेली जागा त्यांना स्वतःलाच सापडेना. दादांनी डावा धरला, मास्तरांनी उजवा. मधे पुतणी दोन्ही हात फाकवून उभी आणि बाहेर गाडीवाला भोंगा वाजवतोय.

"बाबा, काका, मला घाम यायला लागलाय कोटात," ती म्हणाली. "तिथल्या थंडीत मला एवढंच हवं होतं." तिने दोघांचे हात आपल्या खांद्यांवरून सोडवले आणि एकेकाला वाकून नमस्कार केला.

थांब, एकदा इस्त्री फिरवतो, असं मास्तर म्हणत होते. पण ती तोवर गाडीत बसली होती. कोट अंगावर होता, आणि त्यात जी काही चूक होती, ती घेऊन ती निघून गेली.