उस्तादाची तिसरी शिकवणी

पलटणीत हर्षदला सगळे उस्ताद म्हणत. रोह्याकडच्या भातशेतीच्या गावातून भरती झालेला हा हवालदार जवानांना पिस्तूल शिकवायचा. वर्षानुवर्षं त्याचा एकच धडा होता: मॅगझिन भरलेलं, चेंबर म्हणजे नळीमागचा गोळीचा कप्पा रिकामा. वेळ आली की दुसऱ्या हाताने स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची, तेव्हाच गोळी चेंबरमध्ये चढते. तोवर पिस्तूल कमरेला निजलेलं बरं.

मग एका बाजारात गस्तीवरच्या जवानावर कोणीतरी सुरा घेऊन धावलं. जवानाचा डावा हात सुरा अडवण्यात गुंतला, स्लाईड ओढायला हातच उरला नाही. जीव वाचला, पण बोटं कायमची वाकडी झाली. नव्या साहेबांनी हुकूम काढला, गस्तीवर जाताना गोळी चेंबरमध्येच हवी, फक्त सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, लावलेली. हर्षदने सगळ्यांना पुन्हा मैदानात उभं केलं. अंगात मुरलेली सवय मोडता मोडता त्याचा घसा बसला.

हिवाळ्यात उपेंदर नावाच्या जवानाने गस्तीवरून परतल्यावर पिस्तूल कमरेला खोचलं आणि गोळी सुटली. मांडीतून आरपार. हर्षद दवाखान्यात त्याच्या उशाशी बसला.

"उस्ताद, सेफ्टी लगाया था मैंने," उपेंदर पुन्हा पुन्हा सांगत होता. ती लावलेली नव्हती; रिकाम्या चेंबरच्या दिवसांत ती लावायची सवयच नव्हती. हर्षदने नुसतं त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "तुम्ही याला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं, साहेब. पण त्याआधी बरीच वर्षं उलटं शिकवलं होतं."

हुकूम फिरला. चेंबर पुन्हा रिकामं. हर्षदने तिसऱ्यांदा तीच पोरं समोर उभी केली, आणि बोलता बोलता त्याला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला. नोकरीत मुदतवाढ मिळत होती, ती न घेता तो घरी आला.

गावात अंबाजीकाकांनी काम आणलं. "मांडव्याला एका शेटचा बंगला हाय. पिस्तूलवाला माणूस पायजे त्यांना."

हर्षद जाऊन आला. बंगल्याचा मॅनेजर भला होता, चहा पाजला. म्हणाला, "गोळी चेंबरमध्ये भरूनच ठेवायची हं. शेटना तयारीतला माणूस लागतो."

हर्षद वाद घालायला बसला नाही. "दुसरं काही काम असेल तर सांगा," एवढं म्हणून उठला.

घरी बायकोने, राहीने, जेवण वाढलं. बंगल्यावरचं सगळं त्याने तिला सांगितलं होतं. हा नुसताच भात चिवडतोय हे पाहून तिने विचारलं, "अवो, मग खरं काय व्हतं? गोळी भरलेली का रिकामी?"

"दोन्ही खरं," तो म्हणाला. "पण साहेबांनी एक काय ते ठरवून त्यालाच धरून ऱ्हायला पायजे व्हतं."

आठवड्याने मॅनेजरचा फोन आला. जेट्टीवर पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायला माणूस हवा होता. हर्षद लगेच हो म्हणाला. आता दिवसभर उन्हात उभा राहतो, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. घरी आल्यावर राही गरम पाणी काढून देते, आणि तो बराच वेळ पाय बुडवून बसतो.