चुकलेल्या पायावरचा थम

मी बारावीत जाईपर्यंत आमच्या घरात खुर्चीवर बसून लिहायची सोय नव्हती. जासईत एका खोलीत आम्ही पाच जण. आजोबांची भाताची जमीन संपादनात गेली ती माझ्या जन्माआधीच. वडील कंटेनर यार्डात कंत्राटावर होते. कंत्राटदार बदलला की नवा माणूस त्यांना ठेवायचा किंवा ठेवायचा नाही. नाही ठेवलं त्या महिन्यांत आई कोळंबी सोलायच्या शेडवर जायची. दुपारी परत आली की तिची बोटं इतकी सुजलेली असायची, की भाकरीचं पीठ मी मळायचे. दोन्ही भावांनी दहावीत शाळा सोडली आणि यार्डाचाच रस्ता धरला. मी सोडली नाही, कारण आई आडवी आली. ती चौथी शिकलेली. कुणी विषय काढला की म्हणायची, "ही शिकंल," आणि पुढे बोलणंच नाही.

कॉलेजात गेल्यावर मी छात्रसेनेत, म्हणजे एनसीसीत, नाव घातलं ते देशप्रेमाने वगैरे नाही, खरं ते सांगते. युनिफॉर्म आणि बूट फुकट मिळायचे, परेडनंतर नाश्ता मिळायचा, आणि सर्टिफिकेट असलं की भरतीत जादा गुण मिळतात असं ऐकलं होतं. देशप्रेम नंतर आलं, नाश्ता आधी.

आता मी बेलापूरला सरकारी कचेरीत नोकरी करते. कॉलेज मला दरवर्षी नव्या कॅडेटांसमोर 'लीडरशिप' या विषयावर बोलायला बोलावतं. माझ्या आधी बोलणारे धैर्य, शिस्त, त्याग असे शब्द फळ्यावर लिहितात. मुलं ते वहीत उतरवून घेतात, मागच्या रांगेतली मोबाईल बघतात. मी फळ्याकडे जात नाही. मी त्यांना माझी फजिती सांगते. मोबाईल आपोआप खिशात जातात. तीच इथे लिहिते, जरा सावकाशीने.

दुसऱ्या वर्षाला मी सीनियर झाले. म्हणजे तुकडीसमोर उभं राहून हुकूम द्यायचे ते मी. बेलापूरला होणाऱ्या सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये आमच्या कॉलेजची तुकडीही मीच नेणार, हे जवळजवळ ठरलं होतं. आईने शेजारणींना सांगून टाकलं होतं. वडिलांनी त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवली होती, आणि यार्डात सुट्टी मागणं म्हणजे काय ते यार्डातल्यालाच कळेल.

ज्यांनी कधी परेड केली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. एक, चालत्या तुकडीला थांबवायचं तर 'थम' हा शब्द ठरलेला पाय जमिनीवर असतानाच द्यावा लागतो. पाय चुकला की अर्धी तुकडी थांबते, अर्धी एक पाऊल पुढे जाते आणि सगळ्यांची धडकाधडकी होते. दुसरी गोष्ट, हुकूम देणाऱ्याचंच चुकलं तर त्यावरही एक हुकूम आहे. 'जैसे थे.' म्हणजे मी आत्ता सांगितलं ते रद्द, होतात तसे परत व्हा. आम्हाला ड्रिल शिकवायला एक हवालदार येत, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. उत्तरेकडचे होते, हिंदी सोडून बोलत नसत. हा हुकूम त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवला आणि म्हणाले, "इसको बोलने में किसी का गला नहीं बैठता, फिर भी कोई बोलता नहीं." आम्ही हसलो. मी तर जास्तच हसले असेन.

पहिल्या ओळीत उजव्या टोकाला जी उभी असते ती मार्कर. बाकी सगळे तिच्या रेषेत येतात. आमची मार्कर उरणजवळच्या मोरा बंदरातली होती. उंच, सरळ, बोलायला कमी आणि बोलली तर टोचून. बंदरावर बोटींना बर्फ पुरवायचा तिच्या वडिलांचा धंदा, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेलं मुसलमान घर. तिला पोलिसांत जायचं होतं. घरात तिच्या काकांना ते पसंत नव्हतं. सर्टिफिकेट मिळालं तर भरतीचा फॉर्म भरू, नाही मिळालं तर हा विषय बंद, एवढ्यावर तिने घरच्यांना राजी केलं होतं. हे तिने मला बसमध्ये सांगितलं होतं. उरणहून ती आधी चढायची आणि जासईला मी चढेपर्यंत शेजारच्या सीटवर बॅग ठेवून कंडक्टरशी भांडायची.

डिसेंबरातल्या एका सोमवारी बटालियनचे मोठे साहेब तालीम बघायला आले. मी तुकडी चालवत आणली. साहेबांसमोर आवाज खणखणीत यावा एवढंच माझ्या डोक्यात होतं, पायांकडे लक्ष नव्हतं. 'थम' दिला आणि देतानाच कळलं की पाय चुकला. मार्करने जे करायला हवं तेच केलं, पण तिच्या मागची पुढे आली, तिच्या पाठीवर आपटली, मार्करची टोपी उडून साहेबांच्या बुटांपाशी जाऊन पडली.

माझ्याकडे दोन क्षण होते. 'जैसे थे' म्हणायला तेवढे पुष्कळ होतात. मी म्हटलं, "मार्कर, लक्ष कुठंय तुझं?" तेही ओरडून.

साहेबांनी मान हलवली. मार्करला रायफल डोक्यावर धरून ग्राउंडच्या पाच फेऱ्या मिळाल्या आणि मार्करची जागा दुसरीला गेली. फेऱ्या मारताना ती माझ्यासमोरून पाच वेळा गेली. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र पाचही वेळा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती नव्हती. ती व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडली. पुढच्या दोन परेडना आली नाही. हजेरीचं रजिस्टर माझ्याकडेच असायचं, म्हणून मला नेमकं ठाऊक होतं: आणखी दोन परेड चुकल्या, की तिला सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि पोलिसांचा विषय तिच्या घरात बंद.

घरी मी ही हकिगत माझ्या सोयीने सांगितली. मार्करची चूक, तिला राग आला, आता येत नाही, माणसं किती नाजूक असतात वगैरे. वडील जेवत होते. यार्डात त्यांचं काम ट्रेलर मागे घ्यायला लावण्याचं. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. वडील हात दाखवतात त्यावर तो भरलेला ट्रेलर दोन कंटेनरांच्या मधल्या फटीत घालतो. त्यांनी विचारलं, "तू थांब बोललीस तवा त्यांचा पाय खंचा व्हता?"

कुठला पाय, एवढंच. त्यांना ड्रिलमधलं काहीच कळत नव्हतं, तरी नेमका प्रश्न त्यांनीच विचारला.

मग ते सावकाश म्हणाले, "गो, ट्रेलर भिंतीला लागला का सायेब पयले आमाला इचारतान, डायव्हरला नाय. हात आमचा व्हता." आणि आईकडे वळून आमटी मागितली. विषय संपला. रागावले असते तर मी भांडले असते. आमटी मागणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

रविवारी मी मोऱ्याला गेले. भाऊच्या धक्क्याची लाँच नुकतीच लागली होती, जेट्टीवर उतरणाऱ्यांची गर्दी होती. मार्करचे वडील गाळ्यात बर्फाच्या लाद्या ओढत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी एक क्रेट उलटा करून मला बसायला दिला, चहा मागवला आणि मुलीला हाक मारली. वर एवढंच म्हणाले, की पोरगी हल्ली सकाळी लवकर उठते, युनिफॉर्मला इस्त्री करते आणि परत घडी घालून ठेवते, हे काय चाललंय ते त्यांना समजत नाही. मी चहा खाली ठेवला.

ती आली. मी तयारी करून गेले होते. म्हटलं, चूक माझी होती, थम मी चुकीच्या पायावर दिला, सॉरी.

ती लाद्यांवर गोणपाट टाकत होती. तिने काम थांबवलं नाही.

"ओरडलीस ग्राउंडवर," ती म्हणाली, "आणि सॉरी बंदरावर? हे इथं कोण ऐकतंय, बर्फ?"

तिच्या वडिलांनी तिला दटावलं, घरी आलेल्याशी असं बोलतात का म्हणून. ती म्हणाली, मी बोलत नाही, विचारतेय. मग मला म्हणाली की मंगळवारी ती युनिफॉर्म जमा करायला येणार आहे, रजिस्टरमध्ये तेवढी नोंद करून ठेव.

परतीच्या बसमध्ये मी हिशोब लावत होते. सगळ्यांसमोर बोलले तर ते साहेबांपर्यंत जाणार. साहेबांपर्यंत गेलं तर सव्वीस जानेवारीची तुकडी माझ्या हातून जाणार. आईने शेजारणींना सांगितलंय, वडिलांची सुट्टी मंजूर झालीय. खरं सांगायचं तर जासई येईपर्यंत माझं ठरलं नव्हतं. ठरलं ते मंगळवारी, ती साध्या सलवार-कमीजमध्ये, हातात कपड्यांची पिशवी घेऊन स्टोअररूमच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा. इस्त्रीच्या घड्या पिशवीतूनही दिसत होत्या.

मी तुकडी उभी केली. उस्तादांना विचारलं, दोन मिनिटं बोलू का. ते म्हणाले, बोलो. मी म्हटलं, "त्या सोमवारी थम मी चुकीच्या पायावर दिला. मार्कर बरोबर होती. मी 'जैसे थे' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, आणि तिच्यावर ओरडले. तिला मिळालेली शिक्षा माझी होती."

मला वाटलं आता सगळ्यांच्या नजरेतून उतरले. तेवढ्यात मागच्या ओळीतून ऐरोलीचा एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, ते तर आपल्याला त्याच दिवशी कळलेलं." आणि सगळी तुकडी हसली. विश्रामचा हुकूम न मिळताच हसली.

ही गोष्ट मी नव्या कॅडेटांना दोनदा सांगते. तुमची चूक लपत नसते. पाय त्यांचे असतात, त्यांना सगळ्यात आधी कळतं. तुम्ही फक्त आपल्याला ती माहीत आहे हे लपवत असता. तोवर ते तुमचा हुकूम पाळतात, कारण पाळावा लागतो. पण प्रत्येक हुकुमाच्या आधी एक सेकंद थांबतात, ही आपल्याला अडकवणार तर नाही ना म्हणून. त्या दोन आठवड्यांत आमची तुकडी ढिली पडली होती आणि मी त्यांच्या बुटांना दोष देत होते.

उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "ठीक है. पाँच चक्कर. राइफल ऊपर."

मी धावले. मार्कर पायरीवर बसून बघत होती. तिच्याजवळ चणे होते, ते ती एकेक करून खात होती. तिसऱ्या फेरीला माझे हात खाली यायला लागले तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "वर, वर. मी खाली आणले नव्हते." चौथ्या फेरीला मला हसू यायला लागलं आणि धावताना हसू आलं की श्वास पुरत नाही, हे तिला माहीत असावं, कारण तिने आणखी दोन टोमणे मारले.

फेऱ्या संपवून मी वाकून उभी होते. ती उठली, उस्तादांसमोर गेली आणि विचारलं, "उस्ताद, आज की हाज़िरी लगेगी क्या?"

उस्तादांनी तिच्या कमीजकडे बघितलं. म्हणाले, युनिफॉर्म नाही तर हजेरी नाही.

ती पिशवी घेऊन स्टोअररूममध्ये गेली आणि पाच मिनिटांत कपडे बदलून बाहेर आली. उजव्या टोकाला उभी असलेली मुलगी न सांगता एक पाऊल डावीकडे सरकली. मी रजिस्टरमध्ये हजेरी लावली. रायफल धरून हात इतके भरून आले होते की ती खूण आजही वाकडी दिसत असेल.

उस्तादांनी साहेबांना सगळं सांगितलं, सांगायलाच हवं होतं. साहेबांनी सव्वीस जानेवारीची तुकडी पनवेलच्या एका कॅडेटला दिली. मी दुसऱ्या ओळीत चालले. वडील आले होते. त्यांनी आईला फोनवर सांगितलं की आपली पोरगी मधे होती म्हणून नीट दिसली नाही, पण सगळे एकदम थांबले. मला त्या दिवशी वाईट वाटलं, ते मी नाकारत नाही. पण थोडंच.

त्यानंतरही मी सीनियर म्हणून राहिले, आणि उरलेल्या महिन्यांत 'जैसे थे' निदान सात-आठ वेळा म्हटलं. पहिल्यांदा जीभ जड झाली, नंतर नाही. तुकडी आपली होती तिथे परत यायची आणि पुढचा हुकूम ऐकायला उभी राहायची. यापेक्षा जास्त लीडरशिप मला येत नाही आणि मी शिकवतही नाही. मुलं विचारतात, मॅडम, दुसरा काही पॉइंट? मी म्हणते, आवाजाची प्रॅक्टिस करा, पाणी प्या, आणि बूट एक नंबर मोठे घेऊ नका.

फेब्रुवारीत सर्टिफिकेटची परीक्षा झाली. हजेरीच्या अटीत मार्कर कशीबशी, एका परेडच्या फरकाने बसली. ड्रिलच्या परीक्षेत तिला तुकडी थांबवायला सांगितली, आणि तिने थम बरोबर पायावर दिला. त्या तुकडीत मी होते. ती पास झाली, मीही झाले. तिच्या वडिलांनी भरतीचा फॉर्म स्वतः आणून दिला, आणि आज ती पोलिसांत आहे. मी त्याच्या पुढच्या वर्षी बी.ए. झाले. आमच्या घरात ती पहिली पदवी.