चौघांना नारळ

माझ्या धाकट्या बहिणीच्या रुग्णालयातले चार सर्वांत जुने कर्मचारी एकाच दिवशी काम सोडून गेले, आणि त्यासाठी मला फक्त एक फोन उचलावा लागला.

बहीण म्हणजे डॉ. सुमन. तिचे आणि विलासरावांचे (हे तिचे यजमान, हाडांचे डॉक्टर) नगरला सावेडीच्या बाजूला रुग्णालय आहे. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या. मग एका सकाळी मुख्य कचेरीतून फोन आला की नगरची कचेरी बंद होत आहे, आणि मीच कापला गेलो. (फोन करणाऱ्याने माझ्या सेवेचे आभार मानले. आडनाव चुकले.) घरी बसून मी बायकोच्या स्वयंपाकात संपादकीय दुरुस्त्या सुचवू लागलो, तेव्हा बायकोने सुमनला आणि सुमनने मला बोलावून घेतले. पद : जनसंपर्क. पगार : चहा. काम : पाट्यांवरचे शुद्धलेखन आणि कार्यक्रमांचे सूत्रसंचालन.

रुग्णालयाच्या वर्धापनदिनी जुन्या माणसांचा सत्कार करावा, असे सुमनच्या मनात आले. सत्कार या विषयाचा मला मुळातच थकवा आहे. 'शाल व श्रीफळ देऊन' हे शब्द मी इतक्या वेळा छापले आहेत की ते आता वाचताना दिसतही नाहीत. त्या बातमीत बदलायची असतात ती फक्त नावे. एकदा आमच्याकडून तीही बदलायची राहिली होती, आणि तक्रार कोणीही केली नाही!

पण या चौघांच्या सत्काराला नाही म्हणणे मलाही शक्य नव्हते. गयाबाई मूळच्या भिंगारच्या. रुग्णालयाचे बांधकाम चालू असताना भिंतींवर पाणी मारायला आल्या, इमारत उभी राहिली तरी परत गेल्याच नाहीत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. अ‍ॅम्ब्युलन्स घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा हमीदभाईंनी स्वतःच्या भाजीच्या टेम्पोत गादी टाकून पेशंट आणले. (कोथिंबिरीचा वास आला की प्रसूती जवळ आली, असे तेव्हा वॉर्डात म्हणत.) लता सिस्टर आणि कंपाउंडर बबनराव यांनी पहिली दोन वर्षे पगाराचे नाव काढले नाही, कारण काढून उपयोग नव्हता. या चौघांना शेवटपर्यंत काही कळू द्यायचे नाही, ऐन मांडवात चकित करायचे, असे ठरले. गुप्तता राखण्याची जबाबदारी पत्रकार म्हणून माझ्यावर आली.

त्या आठवड्यात एकदा मी ओपीडीबाहेरच्या बाकावर चहा घेत बसलो होतो. विलासरावांचा फोन आला. ते दाळमंडईत नारळाच्या दुकानात उभे होते. हाडांपलीकडच्या कोणत्याही वस्तूची खरेदी ते एकट्याने करू शकत नाहीत. माझा आवाज मोठा आहे. छपाईयंत्र शेजारी चालू असताना बोलायची सवय लागली ती लागली. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून (शुद्धलेखन माझेच) मी जे बोललो, ते शक्य तितके अचूक खाली देत आहे :

"चौघांनाही नारळ. हो, चौघांनाही! … छे, छे, हमीदभाईंना वेगळं काय द्यायचं? त्यांनाही नारळच. … गयाबाईंना सगळ्यात आधी. … नाही हो, कुणाला काही सांगितलेलं नाही. रविवारी सगळ्यांसमोर देऊन टाकू. … शालीचं मागाहून बघू, आधी नारळाचं उरका. … आणि विलासराव, जुने नकोत हं! जुने वरून बरे दिसतात, आतून नासलेले असतात. काढून टाका सरळ!"

मध्येच कोणीतरी म्हणाले, "दादा, पाय उचला." मी पाय उचलले. खालून फरशी पुसली गेली. मी पाय खाली ठेवले आणि बोलत राहिलो. पुसणारे कोण, हे मी पाहिले नाही. आयुष्यभर बातमीदारांना 'डोळे उघडे ठेवा' म्हणून झापणाऱ्या माणसाच्या नावावर ही नोंद राहू द्या.

दुसऱ्या दिवशी माझा चहा आला नाही.

त्यानंतर हमीदभाईंनी अ‍ॅम्ब्युलन्स आतून-बाहेरून धुतली, टायरसुद्धा पुसले. लता सिस्टर नव्या मुलींना कपाटातले सामान दाखवू लागल्या : हे इथे असते, ते तिथे असते, नंतर शोधत बसू नका. गयाबाईंनी जिन्याखालची आपली पितळी लोटी पिशवीत घालून घरी नेली. सुमन कावरीबावरी झाली.

"दादा, या लोकांना झालंय काय? मावशी माझ्याशी बोलेनात. आज मला चक्क 'मॅडम' म्हणाल्या!"

"कुणकुण लागली असेल सत्काराची," मी म्हणालो. "अशा वेळी माणसं हळवी होतात. मी खूप पाहिलीत."

मग बबनराव माझ्याकडे आले. खाली मान घालून म्हणाले, "दादा, येक अनुभवाचा दाखला पायजे हुता. तुमचं मराठी चांगलंय. ताईंच्या सहीचं नंतर बघतो."

घरासाठी कर्ज काढत असतील, असा मी अंदाज बांधला. (विचारले नाही. अंदाज बांधल्यावर विचारायचे कशाला?) दाखला मी मन लावून लिहिला. 'प्रामाणिक', 'कष्टाळू', 'विश्वासू' हे सगळे तर घातलेच, शिवाय शेवट जरा उघडा वाटला म्हणून 'त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' असेही लिहून दिले. बबनरावांनी ते वाक्य दोनदा वाचले. त्यांचे डोळे भरून आले. आपली लेखणी अजून चालते, असे वाटून मला बरे वाटले!

रविवार उजाडला. पार्किंगमध्ये मांडव घातला होता. सुप्याच्या एका कारखान्यातले अधिकारी प्रमुख पाहुणे होते. रस्ता मोकळा मिळाल्यामुळे ते वेळेवर आले. पाहुणा वेळेवर येण्याचा प्रसंग आमच्याकडे कधी आलेला नसल्याने काय करावे कोणालाच सुचेना. सुमनने त्यांचे ब्लडप्रेशर तपासले. खुर्च्या भरल्या. माइकवर 'हॅलो, हॅलो' झाले. सत्कारमूर्ती मात्र एकही नव्हता.

गयाबाईंचा फोन बंद. लता सिस्टरांचा बंद. बबनरावांचा वाजून वाजून थांबला. हमीदभाईंनी उचलला.

"ताई, चावी तुमच्या टेबलावर ठेवलीय. डिझेल फुल हाय. माझं काही चुकलं-माकलं असलं तर माफ करा," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

सुमन माझ्याकडे वळली. "दादा, तू कुणाला काय बोललास?"

"मी काहीच बोललो नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मी अनेक पुढाऱ्यांच्या नावे छापले आहे. एकाचेही मला खरे वाटले नव्हते.)

"तू भिंगारला जा. मावशींना घेऊन ये. त्या आल्या तर बाकीचे येतील. त्या नसतील तर मला हा वर्धापनदिनच नको!"

विलासरावांना वेळ काढण्यासाठी माइकवर उभे करण्यात आले. ते मणक्यावर बोलू लागले. मी स्कूटर काढली. नारळांची पिशवी सकाळपासून हुकालाच लटकत होती. ती घाईत तशीच राहिली.

गयाबाईंच्या ओट्यावर चौघेही बसलेले होते. रविवारी या वेळी कामाशिवाय काय करतात, हे कोणालाच माहीत नव्हते. लता सिस्टरांनी तर सवयीने पांढरा गणवेशच चढवला होता. पिशवी स्कूटरवर सोडू नये म्हणून मी ती हातात घेतली. गल्लीत कुत्री होती. पिशवीतून एका नारळाची शेंडी बाहेर आली होती.

गयाबाईंनी आधी शेंडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आला!" त्या म्हणाल्या. "आपुन घ्यायला गेलो न्हाई, तर घरपोच आला!"

"मावशी, चला लवकर," मी म्हणालो. "सगळे थांबलेत तिकडे. मांडव घातलाय, पाहुणे आलेत."

"आमाला काढायला मांडव घातला?"

"पाव्हनं बी बलावलं!" बबनराव म्हणाले.

"काढायला? कोण काढतंय? अहो, नारळ म्हणजे खराखुरा नारळ! हे बघा!" मी एक बाहेर काढून दाखवला. माझ्या मते पुरावा बिनतोड होता.

"मंग आमाला काय त्यो खोटा वाटला व्हय?"

"अहो, सत्कार आहे तुमचा! शाल, श्रीफळ!"

"शाल कुठंय?" लता सिस्टरांनी विचारले.

"शाल… मागाहून," मी म्हणालो, आणि ओट्यावर जी शांतता पसरली तशी रुग्णालयाच्या कुठल्याही पाटीला कधी राखता आली नसेल.

गयाबाई उठल्या. पदर खोचला. "दादा, तुमच्या पायाखालची फरशी पुसत हुते मी. 'गयाबाईला सगळ्यात आधी.' व्हय का न्हाई? 'जुने आतून नासलेले असत्यात, काढून टाका.' कोन म्हनलं?"

त्या क्षणी मला सगळे दिसले. फरशी, पाय, चहा, लोटी, आणि बबनरावांच्या दाखल्यातले शेवटचे वाक्य तर जाड ठशात.

"मी नारळांबद्दल बोलत होतो," मी म्हणालो.

"नारळाबद्दलच आयकलं आमी."

"साहेब, आपल्याला तोंडावर सांगायचं होतं," हमीदभाई समजुतीच्या सुरात म्हणाले. "आम्ही काय भांडलो असतो का? टेम्पो हाय अजून माझा."

"या भिताडांवर पानी मी मारलंय," गयाबाई म्हणाल्या. आवाज थोडा फुटला, त्यांनी तो सावरला. "ताईला पोरं झाली, मोठी झाली, समदं माझ्याम्होरं. तिला मला सांगाया तोंड झालं न्हाई, म्हनून तुमाला धाडलं. आता काय, ठिवा तिथं नारळ आन् जावा."

थट्टा करण्यासारखे यात काही उरले नव्हते. हेडिंगमध्ये 'अमक्याला नारळ' मी कित्येकदा दिले आहे. जागा कमी लागते. मी सुमनला फोन लावला, घडले ते थोडक्यात सांगितले (थोडक्यात सांगूनच हे सगळे झाले होते, पण सवय जात नाही) आणि फोन गयाबाईंच्या हातात दिला. आता बहीण रडेल, मावशी रडतील, अशी माझी अपेक्षा होती. फोनमधून एवढेच ऐकू आले :

"मावशी! बाई आलीय पारनेरहून, अडलीय! मी एकटी आहे! तुम्ही कुठं आहात?"

"आगं, आले, आले! पानी गरम ठिवाया सांग! आन् ती नवी पोरगी हाताशी घिऊ नगं, घाबारती ती!"

ओटा रिकामा झाला. हमीदभाईंच्या मागे मावशी, बबनरावांच्या मागे सिस्टर, दोन गाड्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्यासुद्धा. जाताना माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मी, स्कूटर आणि चार नारळ, असे मागून निघालो.

मी पोचलो तेव्हा मावशी मांडवाच्या मधोमध बाह्या सरसावून उभ्या होत्या. सगळी माणसे टाळ्या वाजवत होती आणि त्या ओरडत होत्या, "आरं, टाळ्या कशाला पिटताय? पेशंट कुठंय?"

सुमनने माझ्याकडे बोट दाखवले. "हा काय. आला मागून."

पारनेरची बाई नव्हतीच. मावशींना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी सुमनच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघींनी एकमेकींना जे धरले ते पाहुण्यांनी घड्याळ पाहिले तरी सोडले नाही. विलासराव पाठीच्या शेवटच्या मणक्यावर आले होते. ते थांबले.

सत्कार सुरू झाला. सूत्रसंचालन माझ्याकडेच होते. कोणी काढून घ्यायला मोकळे नव्हते. शाली सुमनने आणून ठेवल्या होत्या. मावशींनी शाल घेतली, अंगभर लपेटली. विलासरावांनी नारळ पुढे केला. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"शाल घेते. त्ये न्हाई."

"मावशी, शुभ असतो," विलासराव म्हणाले.

"आसंल. मला नगं."

लता सिस्टरांनी शाल घेतली, नारळ नाही. बबनरावांनीही तेच केले. हमीदभाई म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मलापण शालच." चार नारळ तबकात तसेच राहिले. प्रमुख पाहुण्यांनी, हा इथला काही रिवाज असावा अशा समजुतीने, स्वतःपुढचा नारळही हलकेच बाजूला सरकवला.

सुमनने माझ्या हातातून माइक घेतला. "मंडळी, हे चारही आपण दादाला देऊया."

अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठ्याने बबनरावांनी. मुख्य कचेरीने मला नारळ दिला तेव्हा प्रत्यक्षात हाती काही आले नव्हते. ती थकबाकी त्या दिवशी चुकती झाली. माझा जनसंपर्क तिथेच संपला. शुद्धलेखन तेवढे राहिले आहे. घरी आठ दिवस प्रत्येक भाजीत खोबरे होते आणि मी एकही दुरुस्ती सुचवली नाही.

चहा पुन्हा चालू व्हायला जरा वेळ गेला. परवा मी ओपीडीबाहेर त्याच बाकावर बसलो होतो. खिशातला फोन वाजला. विलासराव होते, ते बहुधा पुन्हा कुठल्यातरी दुकानात उभे असावेत. तेवढ्यात फरशी पुसत पुसत मावशी माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. या वेळी मी बघितले.

"दादा," त्या म्हणाल्या, "पाय उचला. फोन नगा उचलू."