ज्योत्स्ना कुमरेचं पॅनल

सिंदी मेघेतल्या भैय्याजींच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात ज्योत्स्ना कुमरे नऊ वर्षांपासून काम करते. आंजीकडचे शेतकरी जळालेले पंप तिच्यापुढे आणून टाकतात आणि मिस्त्री कुठे आहे म्हणून तिलाच विचारतात. पहिली दोन-तीन वर्षं ती "मीच" म्हणायची. आता उत्तर देत नाही, पंप उघडायला घेते. चालू मोटरीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाशी धरली की बेअरिंग किती दिवस टिकेल ते तिला कळतं. पंपानं पाणी उचललं की मोटरीचा सूर उतरतो. तो सूर आपल्या हातानं उतरवता-चढवता आला पाहिजे, असं एकदा तिच्या मनात आलं आणि त्यातून तिला सिंथेसायझरचं वेड लागलं.

विजेच्या लहरींतून आवाज काढणारी अशी दोन यंत्रं तिनं घरी ब्रेडबोर्डवर जोडली. ब्रेडबोर्ड म्हणजे बारीक छिद्रांची पांढरी पट्टी. सुटे भाग आणि वायरी तिच्यात नुसत्या खोचायच्या, सोल्डर करायची गरज नाही. सर्किट तासाभरात आवाज द्यायला लागतं, पण वाजवायला म्हणून हात लावला की वायर निघते. म्हणून नॉब आणि खटके घट्ट धरून ठेवणारं पॅनल लागतं. ज्योत्स्ना ते हायलमचं करते. जुन्या स्विचबोर्डांवर असायची ती चॉकलेटी, कडक पाटी भंगारात पडलेली असते. ती आणून आधी कागदावर दोन्ही पंजे पसरून ठेवायचे, भोवती पेन्सिल फिरवायची, बोटं जिथे सहज पोचतात तिथे नॉब. मागून भोक पाडलं तर समोरचा पापुद्रा उडतो, म्हणून समोरूनच, वर चिकटपट्टी लावून. दोन नॉबांमध्ये एका अंगठ्याचं अंतर. कमी ठेवलं तर एक फिरवताना दुसरा हलतो.

आदेश तिच्याबरोबर आयटीआयला होता. पुढे त्यानं डिप्लोमा केला, पदवी घेतली आणि वर्ध्याच्या एका खासगी तंत्रनिकेतनात शिकवायला लागला. जानेवारीत तो खोक्यात ब्रेडबोर्ड घेऊन दुकानात आला.

"प्रदर्शनात ठेवाचं हाय," तो म्हणाला. "तुह्या हातचं पॅनल पाहिजे याले."

"सर्किट कोनाचं?"

"माह्यंच. म्हंजे, नेटवर पाहून केलं."

"मंग पॅनल बी नेटवरूनच उतरव."

भैय्याजी हातातलं मोटरीचं आर्मेचर बाजूला ठेवून हसले. "घे, आदेश. चहा घेशीन का आता, का पोट भरलं?"

आदेशही हसला. मग त्यानं खरी गोष्ट काढली. कॉलेजात कार्यशाळा-सहायकाची जागा निघाली होती. प्राचार्य महादेवराव प्रदर्शनाला येणार होते. "हातचं काम पाहूनच ठरवतेत ते. कार्डावर तुहं नाव राहीन. अर्ज तेवढा टाकून ठेव."

ज्योत्स्नानं दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. त्या कार्यशाळेत स्टँडवर बसवलेलं ड्रिल होतं. इथे ती गुडघ्यात पाटी दाबून भोकं पाडते, डाव्या मांडीवर त्याच्या दोन खुणा आहेत. आणि तिथे कुणी तिला मिस्त्री कुठे आहे म्हणून विचारलं नसतं.

पॅनलला सात आठवडे गेले. पहिल्या पाटीला शेवटच्या भोकाला तडा गेला. दुसरीत एक नॉब केसभर तिरपा बसला, तिनं ती फेकली. "कोनाले दिसते व ते?" भैय्याजी म्हणाले. ती म्हणाली, "मले दिसते." तिसरी जमली. नऊ नॉब आणि चार आवाजांचे चार खटके. खटका खाली केला की चालू, वर केला की बंद, आपल्या घरात असतो तसा. हे कुणाला सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नाही. ब्रेडबोर्डला जोडून तिनं पाटी वाजवून पाहिली. अक्षरं मी छापून लावतो असं आदेश म्हणाला, म्हणून ती तिनं कोरी दिली.

प्रदर्शनाच्या दिवशी ती ऑटोनं कॉलेजात पोचली. टेबलावर कार्ड होतं. सर्किट व संकल्पना : प्रा. आदेश. खाली बारीक अक्षरात, पॅनल : स्थानिक आदिवासी कारागीर.

तिनं ते दोनदा वाचलं.

"हे काय लिवलं?"

"चांगलं दिसते ना. पाहुण्याईले आवडते असं."

"मले नाव हाय, आदेश."

"आता छापून झालं. मंग पाहू."

"माह्यी जात लिवली. तुह्या नावापुढं तुही काऊन नाई लिवली?"

"हळू बोल. सर येऊन राह्यले."

पाटीवर त्यानं चकचकीत स्टिकर चिकटवलं होतं. परदेशी ड्रॉइंगवरून उतरवलेली इंग्रजी अक्षरं. प्रत्येक खटक्याच्या वरच्या अंगाला चालू, खालच्या अंगाला बंद. ज्योत्स्नाला ते एका नजरेत दिसलं. सांगायला तिनं तोंड उघडलं, कार्डाकडे पाहिलं, आणि मिटलं. तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

महादेवराव पुढे बसले. आदेशनं माइक घेतला, चारी खटके वर केले. आवाज आला नाही. त्यानं एक नॉब फिरवला, मग सगळेच फिरवले, वायरी चाचपल्या. दोन-तीन विद्यार्थी हसले.

"सर्किट ओके आहे, सर," तो माइकवर म्हणाला. "पॅनलचं वायरिंग बाहेरून करून घेतलं होतं. लोकल काम आहे, त्याचा प्रॉब्लेम आहे."

ज्योत्स्ना उठली. टेबलापाशी गेली आणि पंजाच्या कडेनं चारी खटके एकदम खाली केले. आदेशनं सगळे नॉब पूर्ण फिरवून ठेवले होते, त्यामुळे चारी आवाज एकाच वेळी हॉलभर फुटले. पहिल्या रांगेतल्यांनी कान झाकले. तिनं तीन आवाज बंद केले, चौथा हळूहळू उतरवत नेला, पंपानं पाणी उचलावं तसा.

"पॅनलात खोट नाई," ती महादेवरावांना म्हणाली. "घरी दिवा कसा लावता, सर? वर करून का खाली करून?"

"बाहेरच्या देशात वर असते," आदेश म्हणाला.

"मंग तिकडंच जाऊन लावा."

महादेवरावांनी चष्मा काढला. "पॅनल तुम्ही केलं?"

"हो. ज्योत्स्ना कुमरे. कार्यशाळा-सहायकासाठी माझा अर्ज आहे तुमच्याकडे."

"शिक्षण?"

"आयटीआय."

"त्या जागेला डिप्लोमा लागतो. छाननीतच गेला असेल तुमचा अर्ज." ते आदेशकडे वळले. "छाननी समितीवर तुम्हीच होतात ना?"

आदेशनं ब्रेडबोर्डकडे पाहिलं.

ज्योत्स्नाचा आवाज चढला नाही. "कवा काढला माहा अर्ज?"

"नियम असते, ज्योत्स्ना."

"कवा?"

"फेब्रुवारीत."

"आन् पॅनल मार्चमंधी नेलं."

टेबलावर स्क्रू ड्रायव्हर होता. तो घेऊन तिनं पॅनल चौकटीतून सोडवलं. मग ब्रेडबोर्डमध्ये खोचलेल्या वायरी एकेक करून उपसायला लागली. घाई केली नाही. प्रत्येक वायर सरळ केली, पाटीच्या मागे वळवून ठेवली.

"अहो, कार्यक्रम चालू आहे," महादेवराव म्हणाले.

"चालू द्या, सर. सर्किट त्याहीचं हाय, ते ठेवून जातो मी."

एकतीस वायरी होत्या. तेवढा वेळ आदेश माइक हातात धरून उभा राहिला. बसायला खुर्ची नव्हती. शेवटची वायर निघाल्यावर ज्योत्स्नानं पाटी काखेत मारली आणि ब्रेडबोर्ड त्याच्या बाजूला सरकवला.

"हं," ती म्हणाली. "वाजवा आता."